चतुर, टाचणी आणि एक जुना हौद

वार्षिक अंकात लेख लिहायचा म्हणजे विषय कसा भारदस्त हवा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ‘विद्यार्थी आणि शिस्त’, ‘साहित्य आणि समाज’, ‘आजची शिक्षणपद्धती’ असले विषय सोडून कोणी किड्यावर लिहू लागला, तर हा लेख विज्ञान शाखेकडून चुकून इकडे आला असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. परंतु मी ज्या किड्याविषयी लिहिणार आहे तो शाखा पाहून उडत नाही. तो आपल्या कला शाखेच्या इमारतीमागील जुन्या हौदात जन्मतो आणि आपल्याच खिडक्यांसमोरून फिरतो. तो हौद बुजवून तेथे दुचाकी वाहनांसाठी फरसबंद जागा करावयाची आहे, असे सध्या कानावर येत आहे. म्हणूनच या किड्याची बाजू मांडणे मला अगत्याचे वाटते.

हा किडा म्हणजे चतुर. त्याची ओळख करून देण्याची खरे तर गरज पडू नये. पावसाळ्यात मैदानावर घिरट्या घालणारा, पारदर्शक पंखांचा, मुलांच्या भाषेत ‘हेलिकॉप्टर’ म्हणविला जाणारा हा प्राणी कोणी पाहिला नाही? लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधून त्याला पतंगासारखा उडविण्याचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला किंवा निदान पाहिला असेल. केरळात मुले चतुराला पायांनी खडा उचलायला लावीत. त्यावरून, लहान जिवावर न पेलणारे ओझे लादणे या अर्थाने ‘चतुराकडून दगड उचलविणे’ असा वाक्प्रचारच मल्याळम भाषेत रूढ झाला. म्हणजे या किड्याशी आपली ओळख आहे, पण ती दोऱ्याच्या टोकापुरती! दोरा सोडून दिल्यावर तो कोठे जातो, काय खातो, कोठे जन्मतो, हे आपण कधी विचारलेच नाही.

आधी नावाचा विचार करू. कारण तो आपल्या शाखेचा प्रांत आहे. इंग्रजांनी या कुळातील दणकट भावाला ‘ड्रॅगन’ ठरविले आणि सडपातळ बहिणीला ‘डॅम्सेल’ म्हणजे कुमारिका म्हटले. इंग्लंड-अमेरिकेच्या लोकसमजुतीत त्याला ‘सैतानाची रफू करायची सुई’ असेही नाव होते. खोटे बोलणाऱ्या मुलांचे ओठ तो झोपेत शिवून टाकतो, अशी भीती त्यांना घातली जाई. आपल्या मराठीने मात्र थोरल्याला ‘चतुर’ म्हटले आणि धाकटीला ‘टाचणी’. सुईची उपमा दोन्हीकडे सुचली, हे पाहण्यासारखे आहे. परंतु त्यांच्या सुईला सैतानाचा हात लागला आणि आपली टाचणी मात्र साधी, रोजच्या वापरातली राहिली. जपानने तर त्याहून पुढची पायरी गाठली. त्या देशाचे एक प्राचीन नाव ‘आकित्सुशिमा’ म्हणजे ‘चतुरांचे बेट’ असे आहे. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या ‘निहोन शोकी’ या इतिवृत्तात जिम्मू या आद्य सम्राटाची कथा आहे. डोंगरावरून आपली भूमी न्याहाळताना तिचा आकार त्याला चतुरासारखा भासला, असे ती सांगते. पुढे तेथील सामुराई योद्ध्यांनी चतुराला ‘विजयाचा कीटक’ मानून त्याची आकृती शिरस्त्राणांवर मिरविली. एकाच किड्याला कोणी सैतानाची सुई केले, कोणी राष्ट्राचे चिन्ह केले आणि आपण त्याला ‘चतुर’ म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविली! नाव इतके चांगले ठेवले, मग नजर का ठेवली नाही?

नजर ठेवायची तर प्रथम चतुर आणि टाचणी यांतील भेद कळला पाहिजे. तो कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. बसलेला कीटक पाहावा. पंख विमानासारखे आडवे पसरून बसला असेल तर तो चतुर. पंख मिटून पाठीवर घेतले असतील तर ती बहुधा टाचणी. चतुराचे डोळे मोठे आणि बहुतेक जातींत डोक्यावर एकमेकांना भिडलेले. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून दूर. चतुराचे मागचे पंख बुडाशी पुढच्यांपेक्षा रुंद. टाचणीचे चारही पंख जवळजवळ सारखे. चतुराचे उड्डाण जोमदार असते, तर टाचणी गवताच्या पात्यांतून हळूहळू, जणू वाट विचारीत जाते. एवढी चार लक्षणे ध्यानात ठेवली की पहिला धडा पुरा होतो.

दुसरा धडा जातींचा. भारतात या गणाच्या सुमारे ५०० जाती आहेत आणि एकट्या पश्चिम घाटात २०० च्या आसपास. हे आकडे ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. आपल्या आवारात आणि आसपास नेहमी दिसतील अशा सात-आठच आहेत. रक्तासारखा लालभडक दिसतो तो क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर. त्याची मादी पिवळसर, म्हणून ती वेगळीच जात असावी असे वाटते. हिरवट-पिवळ्या अंगावर काळे पट्टे, पोट बुडाशी फुगीर आणि पुढे काठीसारखे बारीक, असा जो दबा धरून बसतो तो ऑर्थेट्रम सबायना. हा दुसऱ्या चतुरांनाही खातो. हिरवळीवर अगदी जमिनीलगत बसणारा, वयात आल्यावर निळसर होणारा लहानखुरा नर डिप्लॅकोडिस ट्रिव्हिआलिसचा. गटारांवर आणि घाणेरड्या डबक्यांवर जो नारिंगी चतुर दिसतो तो ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. याला दूषित पाणी चालते. एखाद्या तळ्यावर इतर सर्व जाती नाहीशा होऊन हा एकटाच उरला, तर त्या पाण्याची प्रकृती ठीक नाही असे समजावे. टाचण्यांत पिवळ्याधमक पोटाची सेरिॲग्रिऑन कोरोमँडेलिॲनम ओळखायला सोपी. ॲग्रिओक्नेमिस पिग्मिया मात्र जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीची. ती दिसायला गवतात गुडघे टेकावे लागतात.

आणि मग आपल्या हौदाचा खास रहिवासी, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. दगडी भिंतीवर हा बसला की दिसतच नाही. काळ्या-करड्या ठिपक्यांचे त्याचे अंग हुबेहूब दगडासारखे. इंग्रजीत त्याला ‘ग्रॅनाइट घोस्ट’ म्हणजे दगडावरचे भूत म्हणतात. माणसाने बांधलेली टाकी, हौद, विहिरी यांतही तो सुखाने वाढतो. म्हणजे आपल्या वस्तीशी जुळवून घेतलेला हा शेजारी आहे. आपण त्याला हाकलले नाही तर तो जाणार नाही.

चतुराचे खरे चरित्र पाण्याखाली घडते. मादी पाण्यावर शेपटीचे टोक टेकवीत अंडी सोडते. टाचण्या बहुधा पाणवनस्पतींच्या देठात अंडी घालतात. अंड्यातून निघते ते पिल्लू चतुरासारखे मुळीच दिसत नाही. ते मातकट, पंखहीन आणि पाण्यात श्वास घेणारे असते. त्याचा खालचा ओठ बिजागरीसारखा दुमडलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो क्षणात पुढे झेपावतो आणि टोकाच्या आकड्यांनी पकड घेतो. चतुराचे पिल्लू गुदद्वारातून पाणी जोराने मागे फेकते आणि स्वतः पुढे उसळते. डासांच्या अळ्या, इतर जलकीटक, प्रसंगी बेडकांची लहान पिल्ले हे त्याचे अन्न. अनेकदा कात टाकून ते वाढते. फुलपाखरासारखी कोशावस्था त्याला नाही. वाढ पुरी झाली की ते बहुधा रात्री वा पहाटे एखाद्या काडीवर किंवा भिंतीवर चढते, पाठीवरची कातडी फाटते आणि आतून ओलसर पंखांचा चतुर बाहेर येतो. पावसाळ्यात सकाळी हौदाच्या आतल्या कडेला चिकटलेली मातकट, पोकळ टरफले दिसतात, ती याच जन्माची खूण होय. या वंशाची परंपरा फार जुनी आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी यांच्या नात्यातील मेगॅन्यूरा नावाचा कीटक होता, त्याच्या पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या पुढे होता.

प्रौढ चतुर म्हणजे निव्वळ शिकारी. त्याच्या एकेका डोळ्यात मोठ्या जातींत सुमारे ३०,००० पर्यंत छोटे घटक असतात. त्याचे चारही पंख स्वतंत्रपणे हलू शकतात, त्यामुळे तो हवेत जागच्या जागी थांबतो, झटक्यात वळतो, क्वचित मागेही सरतो. प्रयोगशाळेतील निरीक्षणांत त्याच्या १०० झेपांपैकी ९० हून अधिक यशस्वी ठरल्या आहेत. वाघसिंहांना हे प्रमाण स्वप्नातही साधत नाही. भर दुपारी काही चतुर तारेवर शीर्षासन केल्यासारखे शेपूट सूर्याकडे उभारून बसतात. ती ऐट नव्हे. अंगावर कमीत कमी ऊन पडावे म्हणून केलेली ती योजना असते. नर आपापला पाण्याचा तुकडा राखतो आणि दुसऱ्या नराला हाकलतो. आपल्या हौदावर दहा मिनिटे उभे राहिले, तर ही सारी भांडणे पाहायला मिळतात.

आता लोकसमजुतीकडे वळू. चतुर थव्याने खाली उडू लागले की पाऊस येणार, असे आपल्याकडील जुनी माणसे सांगतात. सुशिक्षित माणूस यावर हसतो. पण या समजुतीच्या मागे एक थोर प्रवासी उभा आहे. पँटाला फ्लॅवेसेन्स या सोनेरी-पिवळ्या चतुराचे थवे मोसमी वाऱ्यांबरोबर येतात आणि पावसाने साचलेल्या ताज्या डबक्यांत अंडी घालतात. ती डबकी आटण्यापूर्वी, दीड-दोन महिन्यांत त्यांची पिल्ले पंख फुटून बाहेर पडतात. पाऊस आणि चतुर यांचा संबंध म्हातारीच्या गोष्टीतला नसून खरा आहे.

मग पाऊस सरल्यावर हे चतुर जातात कोठे? चार्ल्स अँडरसन हे मालदीव बेटांवर राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ. ज्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नाहीत, तेथे दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास लक्षावधी चतुर कोठून येतात, हा प्रश्न त्यांना पडला. वर्षानुवर्षे नोंदी ठेवून २००९ साली त्यांनी प्रतिपादन केले, की हे चतुर भारतातून निघून, उंचावरील वाऱ्यांवर स्वार होऊन, हिंदी महासागर ओलांडतात आणि पूर्व आफ्रिकेपर्यंत पोहोचतात. पुढच्या वर्षी त्यांची प्रजा मोसमी वाऱ्यांबरोबर परत येते. हे सारे चक्र १४,००० ते १८,००० किलोमीटरचे आणि ते पुरे व्हायला सुमारे चार पिढ्या लागतात. २०१२ साली मालदीवमध्ये सापडलेल्या चतुरांच्या पंखांतील हायड्रोजनची रासायनिक तपासणी प्रसिद्ध झाली. पिल्लू ज्या पाण्यात वाढते त्या पाण्याची खूण पंखात उतरते. त्या खुणेवरून हे प्रवासी मालदीवचे नव्हेत, भारतीय उपखंडाच्या उत्तर भागातले व त्याही पलीकडचे आहेत, असे दिसून आले. महासागर ओलांडणाऱ्या या प्राण्याचे जन्मगाव म्हणजे एखादे डबके, एखादा हौद! ते जन्मगाव राखणे वा बुजविणे आपल्या हाती आहे.

येथेच मूळ मुद्दा येतो. चतुर हवेत दिसतो म्हणून तो हवेचा प्राणी आहे अशी आपली समजूत असते. बागेत फुले लावली, हिरवळ कातरली, मधोमध रंगीत कारंजे बसविले की निसर्गाची सेवा झाली, असे आपण मानतो. परंतु चतुराला फुलांतील मध नको, हिरवळही नको. त्याला स्थिर पाणी हवे, त्यात वनस्पती हव्यात आणि काठाला बसायला काटक्या हव्यात. बाग फुलपाखरासाठी असते तशी चतुरासाठी व्हायची असेल, तर बागेत पाणी पाहिजे. आपल्या गावांतील आड, बारवा, हौद, पाणथळ जागा एकेक करून बुजत आहेत आणि त्यांच्यावर फरशी चढत आहे. फरशीच्या खाली चतुर जन्मत नाही.

इतकेच नव्हे. चतुर पाणी ओळखतो तो पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या प्रकाशावरून. मोटारीचे चकचकीत टप, काळे गुळगुळीत दगड यांवरूनही तसाच प्रकाश येतो. हंगेरीतील गॅबॉर हॉर्वाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवून दिले, की दफनभूमीतील काळ्या चकचकीत थडग्यांकडे चतुर पाणी समजून आकर्षित होतात. उभ्या मोटारींच्या टपांवर चतुर अंडी घालताना आढळले आहेत. हौद बुजवून तेथे वाहने उभी केली तर काय होईल, हे यावरून उमगते. मादी जुन्या जागी येईल आणि तापलेल्या पत्र्यावर अंडी टाकून जाईल. ती अंडी भाजून निघतील. या फसवणुकीस आपण कारण व्हावे काय?

माझ्या म्हणण्यावर आक्षेप येतील, ते मी ऐकले आहेत. पहिला आक्षेप डासांचा. साचलेले पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे डेंग्यू. आक्षेप गंभीर आहे, म्हणून चतुर हे डासांवरचे रामबाण औषध आहे अशी अतिशयोक्ती मी करणार नाही. परंतु डेंग्यूचा डास मुख्यतः वाढतो तो टाकून दिलेल्या टायरांत, कूलरमध्ये, कुंड्यांखालच्या बशांत, गच्चीवरील उघड्या पिंपांत. म्हणजे जेथे त्याला खाणारा कोणी नाही अशा पाण्यात. ज्या हौदात चतुराची पिल्ले, बेडूक, पाणकिडे नांदतात तेथे डासांच्या अळीला सुख नसते. रंगूनमध्ये लोकांच्या सहकार्याने घरगुती पाण्याच्या भांड्यांत क्रोकोथेमिस सर्व्हिलियाची पिल्ले सोडून डेंग्यूच्या डासांना आळा घातल्याचा प्रयोग झाला. त्याचा अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे आपला तो लालभडक चतुरच! उलट आपण करतो काय? धूरफवारणी करून डासांबरोबर चतुरही मारतो आणि हौदात गप्पी मासे सोडतो, जे डासांच्या अळ्यांबरोबर चतुराची कोवळी पिल्लेही गिळतात. वसतिगृहामागे पडलेली जुनी टायरे मात्र तशीच असतात. ती उचलण्याचे काम फवारणीपेक्षा स्वस्त आणि हौद बुजविण्यापेक्षा अधिक उपयोगी आहे.

दुसरा आक्षेप जागेचा. वाहने वाढली, ती लावायची कोठे? अडचण खरी आहे, पण या हौदाने व्यापलेल्या जागेत फार तर १५–२० दुचाकी मावतील. तेवढ्या दुचाक्यांची सोय प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या पट्ट्यात होऊ शकते. वाहनाला दुसरी जागा दाखविता येते. दगडावरच्या भुताला नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच वर्गबंधूंचा: ‘आपण कला शाखेचे. किडे मोजणे आपले काम आहे काय?’ यास उत्तर असे, की भारतीय चतुरांवरील पायाभूत तीन खंड १९३३, १९३४ आणि १९३६ साली लिहून काढणारे फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हे पेशाने लष्करी वैद्य होते आणि महासागरावरील प्रवासाचे कोडे उकलणारे अँडरसन हे समुद्रजीवांचे अभ्यासक. दोघांनाही कोणी हे काम नेमून दिले नव्हते. पाहण्याची चिकाटी एवढेच त्यांचे भांडवल. शिवाय येथे खास आपल्या वाट्याचे एक काम पडून आहे. २०१५ साली महाराष्ट्राने ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला आणि फुलपाखरांना मराठी नावे देण्याचे कामही झाले. चतुरांच्या बाबतीत मात्र मराठी बोलणाऱ्याच्या तोंडी दोनच शब्द आहेत: चतुर आणि टाचणी. वर मी आठ जातींची नावे सांगितली ती सारी लॅटिन, कारण जनसामान्यांच्या वापरातली मराठी नावे माझ्यापाशी नव्हती. भाषेचे विद्यार्थी म्हणविणाऱ्यांनी ही उणीव कोणी भरून काढावी अशी वाट पाहायची? आपल्या अंकातील कवितांत चंद्र, चांदणे आणि प्राजक्त यांची रेलचेल असते. त्यांबद्दल तक्रार नाही. पण ज्याला आपण रोज पाहतो त्याला नाव नसावे, ही भाषेची गरिबी आहे. आणि ज्याला नाव नाही त्याच्यावर फरशी घालताना कोणाचा हात अडखळत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात मांडतो. हौद बुजवू नये. कोणी पडू नये म्हणून त्याला कमरेइतका कठडा करावा. त्यातील कचरा काढावा, पण तळाचा सगळा गाळ उपसू नये. एका कोपऱ्यात पाणवनस्पती आणि चार उभ्या काठ्या असाव्यात. मासे सोडू नयेत, औषध फवारू नये. ग्रंथालयात एक साधी वही ठेवावी. ज्याला जो चतुर दिसेल त्याने तारीख, वेळ, रंग आणि त्याला सुचलेले मराठी नाव तीत लिहावे. गावाकडे आजोबा-आजीकडून ऐकलेली नावे आणि समजुतीही त्याच वहीत याव्यात. कोकणातल्या, घाटावरच्या, विदर्भातल्या विद्यार्थ्यांनी आपापली भर घालावी. विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांनी जाती तपासून द्याव्यात, मराठी विभागाने शब्द पारखावेत. वर्षभराने त्या वहीतून जे निघेल ते पुढच्या वार्षिक अंकात छापता येईल. या उपक्रमाला निधी लागत नाही, समिती लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि तासाभराची सवड पुरे.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की सोनेरी चतुर मैदानावर येतील. ते कोणाची परवानगी घेऊन येत नाहीत आणि आपण त्यांचे पाणी बुजविले तर कोणाकडे तक्रारही करणार नाहीत. त्यांच्या वतीने अर्ज करायचा तर तो आपणच केला पाहिजे. हा लेख तोच अर्ज समजावा, अशी प्राचार्यांना, प्राध्यापकवर्गाला आणि विद्यार्थीमित्रांना माझी नम्र विनंती आहे.

— तृतीय वर्ष कला (मराठी)